मुलाचे कपाळ पुढे आलेले दिसल्यास: घरी काय पाहावे आणि बेळगाव परिसरात तपासणी कशी करून घ्यावी

तान्ह्या मुलाचे कपाळ ठळकपणे पुढे आलेले दिसू लागले, की घरात दोन मते पडतात. आजीच्या लेखी मोठे कपाळ म्हणजे भाग्याचे लक्षण असते, तर मोबाइलवर काहीबाही वाचून बसलेल्या वडिलांना त्यात मेंदूचा आजार दिसतो. दोन्ही मतांचा आधार नुसती नजर असते आणि या बाबतीत नजरेवर फार भिस्त ठेवता येत नाही. कपाळाचा उभार हा स्वतः आजार नव्हे. ती एक खूण आहे, आणि तीच खूण अगदी निरोगी मुलातही असते व तातडीने उपचार लागणाऱ्या मुलातही असते. या दोघांतला फरक तीन गोष्टींवरून ठरतो: डोक्याचा घेर कोणत्या वेगाने वाढतो आहे, डोक्याचा आकार वरून व बाजूने कसा दिसतो, आणि शरीरात इतरत्र काही आढळते का. यांतले बरेचसे काम पालकांना दवाखान्यात जाण्यापूर्वी घरीच करता येते, आणि ते नीट केले तर डॉक्टरांसमोर मिळणारी दहा मिनिटे सत्कारणी लागतात.

प्रथम दृष्टिभ्रम वगळावा

जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथ्या भागाइतके असते, तर प्रौढ माणसाचे सुमारे आठव्या भागाइतके. त्यामुळे प्रत्येक तान्हे मूल मोठ्या माणसाच्या मानाने कपाळाळू दिसते. त्यात जावळ काढले की केसांची रेषाच नाहीशी होते, आणि आठवडाभर येणारा प्रत्येक पाहुणा ‘कपाळ केवढे हो’ म्हणून जातो. याउलट सतत कुंची घातलेल्या बाळाचे कपाळ कोणाच्या लक्षातच येत नाही. मूल फार हडकलेले असेल, तर डोके आहे तेवढेच असूनही हातपाय बारीक झाल्यामुळे ते मोठे भासते. अशा मुलात कपाळाआधी वजनाचा विचार करावा लागतो.

आई-वडिलांचे बालपणीचे फोटो शोधून ठेवावेत. वडिलांचे, आजोबांचे किंवा मामांचे कपाळ लहानपणी असेच असेल आणि मुलाची वाढ व हालचाली वयाप्रमाणे असतील, तर बहुतेक वेळा तो घराण्याचा बांधा निघतो. मात्र हा निष्कर्ष माप घेतल्यानंतर काढावा, आधी नव्हे.

माप कसे घ्यावे

शिंप्याची जुनी कापडी टेप ताणली जाते, म्हणून न ताणणारी टेप वापरावी. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात अशी टेप असते आणि आशाताईंना विचारल्यास त्या माप घेऊन देतात. बाळाला आईच्या मांडीवर बसवावे, टोपी व क्लिप काढावी, केस बांधलेले असल्यास सोडावेत. टेप पुढे भुवयांच्या किंचित वर, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी आणि केस दबतील इतपत घट्ट धरावी. बाळ मान वळवते, टेप मागून घसरते आणि माप सहज एखाद्या सेंटिमीटरने चुकते; म्हणून तीन वेळा मोजून त्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यावा. आकडा मिलिमीटरसह, तारखेसह आणि माप घेणाऱ्याच्या नावासह लिहावा. त्याच दिवशी आई व वडील या दोघांच्याही डोक्याचा घेर मोजून शेजारी लिहावा. ही साधी नोंद पुढे एखादा स्कॅन वाचवू शकते.

मुदतपूर्ण बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा सुमारे २ सेंटिमीटरने, पुढील तीन महिन्यांत सुमारे १ सेंटिमीटरने आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत दरमहा सुमारे अर्ध्या सेंटिमीटरने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ नंतरच्या वाढीच्या तक्त्यांत मुलगा व मुलगी यांच्यासाठी स्वतंत्र रेषा असतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर जन्मतारखेवरून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून वय मोजून त्याचा आकडा तक्त्यावर मांडावा.

एकट्या आकड्याने किती फसगत होते, हे एका कल्पित उदाहरणावरून कळेल. समजा, एका मुलाचा घेर जन्मतः ३६.५, तिसऱ्या महिन्यात ४२.८ आणि सहाव्या महिन्यात ४५.९ सेंटिमीटर आहे, आणि वडिलांचा घेर ६० आहे. दुसऱ्या मुलाचा घेर जन्मतः ३४.५, तिसऱ्या महिन्यात ४०.५ आणि सहाव्या महिन्यात ४५.५ आहे. नुसते पाहणाऱ्याला पहिल्याचे डोके मोठे वाटेल, आणि ते मोठे आहेही. पण ते पहिल्यापासून एकाच वरच्या रेषेला समांतर वाढत आले आहे. दुसरे मूल मधल्या रेषेवर होते आणि तीन महिन्यांत, जेथे ३ सेंटिमीटर वाढ अपेक्षित होती तेथे ५ सेंटिमीटर वाढून, वरच्या रेषेला जाऊन भिडले. त्याचा आकडा लहान असला तरी लवकर दाखवायला हवे ते दुसऱ्याला. म्हणूनच जन्माच्या वेळचे माप फार मोलाचे असते. ते कर्नाटकात आईला मिळणाऱ्या ताई कार्डावर किंवा प्रसूतीच्या डिस्चार्ज कागदावर लिहिलेले असू शकते. कार्ड कन्नडमध्ये असले तरी आकडे सर्वांना वाचता येतात, म्हणून ते हरवू देऊ नये. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या फडावर येणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ही नोंद तुटण्याची भीती सर्वांत जास्त असते.

टाळू, हाडांचे सांधे आणि आकार

पुढची टाळू बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच बंद होते. बाळ शांत असताना, त्याला बसते धरून, बोटाच्या टोकाने टाळूवर हलका हात फिरवावा. ती सपाट किंवा किंचित खोलगट लागली पाहिजे. रडताना, खोकताना किंवा आडवे असताना ती फुगलेली लागते, त्याला महत्त्व नाही. शांत बसलेल्या बाळाची टाळू ताठ व उंच लागत असेल, डोक्यावरच्या शिरा ठळक झाल्या असतील, बुबुळे खाली झुकून त्यांच्या वर पांढरा भाग दिसत असेल, वारंवार उलट्या होत असतील, बाळ सुस्तावले असेल, दूध ओढत नसेल, चिरक्या आवाजात रडत असेल किंवा झटके येत असतील, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. डोक्यात पाणी साठण्याचा, म्हणजे जलशीर्षाचा, हा इशारा असू शकतो. मेंदूज्वर होऊन गेलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा पाठीच्या कण्यावर जन्मतः गाठ असलेल्या बाळात त्याची शक्यता अधिक असते.

आकार पाहण्यासाठी तीन फोटो काढावेत: समोरून, बाजूने आणि डोक्याच्या बरोबर वरून. वरून काढलेला फोटो सर्वांत बोलका असतो, आणि नेमका तोच कोणी काढत नाही. डोके लांबुळके व अरुंद, कपाळ पुढे आणि मागचा भागही बाहेर आलेला असेल, तर कवटीच्या हाडांमधला मधला उभा सांधा वेळेआधी जुळल्याची शंका येते. कपाळाच्या मध्यावर कंगोरा असून कपाळ नावेच्या टोकासारखे त्रिकोणी दिसत असेल, तर पुढचा सांधा लवकर जुळलेला असू शकतो. मात्र हा सांधा एरवीही ३ ते ९ महिन्यांच्या वयात जुळतोच, त्यामुळे कपाळ रुंद असताना नुसता कंगोरा हाताला लागला, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. एका बाजूचे डोके मागून चपटे आणि त्याच बाजूचे कपाळ व कान पुढे सरकलेले असतील, तर ते बहुतेक वेळा एकाच कुशीवर निजल्याने झालेले असते. अशा बाळाला झोपवावे पाठीवरच. जागेपणी मात्र समोर बसून पोटावर खेळवावे आणि पाळण्यातली दिशा बदलत राहावी.

येथे परंपरेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. तेल लावून हलक्या हाताने माखणे ठीक आहे. परंतु आंघोळ घालणाऱ्या बाईकडून कपाळ दाबून ‘बसवून’ घेण्याने हाड आत जात नाही आणि आतला दाब वाढलेला असेल, तर अपाय होऊ शकतो. मोहरीच्या उशीनेही मिटलेला सांधा उघडत नाही, शिवाय पहिल्या वर्षात झोपेत उशी असणे श्वासाच्या दृष्टीने धोक्याचे असते. या खटाटोपात जे महिने जातात, त्यांची किंमत मोठी आहे: मधल्या सांध्याची दुर्बिणीतून होणारी छोटी शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या तीन-चार महिन्यांत अधिक सोयीची असते, आणि खुली शस्त्रक्रियाही बहुधा पहिल्या वर्षातच करतात.

शरीरातील इतर खुणा

आपल्या भागात कपाळाच्या उभाराबरोबर सर्वप्रथम ज्याचा विचार व्हावा, तो मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ पडणे. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फारच थोडे असते, बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. मुडदुसात कपाळाची दोन्ही उंचवटे फुगून डोके चौकोनी दिसू लागते, टाळू भरायला उशीर होतो, दात उशिरा येतात, मनगटे रुंद लागतात, बरगड्यांच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात आणि मूल उभे राहू लागले की पाय बाहेर वाकतात. मनगट पाहण्याची रीत सोपी आहे: त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाचे मनगट शेजारी धरून हाडाच्या टोकाची रुंदी चाचपावी. निदानासाठी मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज व ड जीवनसत्त्व यांची तपासणी पुरते.

प्रतिबंधासाठी पहिले वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस आहे. पण बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असलेले आणि ८०० युनिट असलेले, असे दोन्ही थेंब मिळतात, तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचूनच माप घ्यावे. उपचाराचा डोस वेगळा व मोठा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. ‘हाडे कच्ची आहेत’ म्हणून ६ लाख युनिटचे इंजेक्शन तपासणीशिवाय आणि पुन्हा पुन्हा देण्याची सवय घातक आहे, कारण जादा झालेल्या जीवनसत्त्वाने रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या होतात व मूत्रपिंडावर ताण येतो. नाचणीची आंबील कॅल्शियमसाठी चांगलीच, पण तिने झालेला मुडदूस बरा होत नाही. सुमारे तीन महिन्यांच्या योग्य उपचारानंतरही एक्स-रेत सुधारणा दिसली नाही, तर लघवीवाटे फॉस्फरस वाया जाण्याचा आनुवंशिक प्रकार आहे का, हे तपासून घ्यावे.

मूल फिकट असेल, सहा महिने ते दोन वर्षे या वयात सुस्त होत चालले असेल आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून पोट मोठे झाले असेल, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. त्यात रक्ताची कमतरता भरून काढण्यासाठी हाडांतला मगज फुगतो, म्हणून पुरेसे रक्त न मिळालेल्या मुलांचे कपाळ व गालाची हाडे पुढे येतात. अशा मुलाला तपासणीशिवाय लोहाचे औषध सुरू करू नये. रक्ताची संपूर्ण गणना, लोहसाठ्याचे प्रमाण आणि हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी एचपीएलसी तपासणी व्हावी. रक्त चढवायचे ठरल्यास ही शेवटची तपासणी रक्त चढविण्यापूर्वीच घ्यावी, कारण दात्याच्या रक्ताने निकाल बिघडतो.

कपाळ मोठे, नाकाचा पूल बसका, धड साधारण पण दंड व मांड्या आखूड, आणि पंजा उघडला की मधले बोट व अनामिका एकमेकांपासून दूर राहतात, हे चित्र अकॉन्ड्रोप्लेझियाचे, म्हणजे हातपाय आखूड राहणाऱ्या जन्मजात बुटकेपणाचे आहे. गरोदरपणातील पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ते बहुधा दिसत नाही, कारण मांडीच्या हाडाची वाढ त्यानंतर मागे पडते. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल होती’ या वाक्याने ते वगळता येत नाही. या मुलांची वाढ त्यांच्यासाठीच्या वेगळ्या तक्त्यावर मोजावी लागते आणि झोपेत श्वास थांबतो का, याकडे लक्ष द्यावे लागते, कारण कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्यास मेंदूच्या देठावर दाब येतो.

कपाळाबरोबर चेहरा हळूहळू जाडसर होणे, बेंबीजवळ हर्निया, सतत वाहणारे कान व नाक, घोगरा श्वास आणि शिकलेल्या गोष्टी विसरणे, असे एकत्र दिसल्यास म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस गटातील चयापचयाचे आजार तपासावे लागतात. त्यांतले बहुतेक आजार आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतात, म्हणून मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांतले लग्न असल्यास ते डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. सीमाभागात दोन्ही भाषांच्या घरांत अशी लग्ने होतात आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. उंची न वाढणे आणि नवजात अवस्थेत साखर कमी होणे यांवरून वाढीच्या संप्रेरकाची कमतरता शोधतात. खांदे छातीपुढे एकमेकांना टेकवता येणे ही गळपट्टीच्या हाडाच्या एका दुर्मीळ आजाराची खूण आहे.

कोठे जावे आणि काय विचारावे

इशाऱ्याची लक्षणे नसतील, तर सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्याची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. मुडदूस त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे, आणि जन्मदोष किंवा विकासातील विलंब आढळल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. पुढील तपासणीसाठी बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय आणि अथणी परिसराला मिरज सोयीचे पडते. खानापूर व चंदगड सीमेकडील काही जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. कोठेही गेले, तरी एकाच ठिकाणी पाठपुरावा ठेवणे महत्त्वाचे, कारण दर वेळी नव्या डॉक्टरांपुढे माप नव्याने सुरू होते आणि वाढीची रेषाच तयार होत नाही.

खर्चाच्या दृष्टीने, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीची स्थिती नसल्यास मोठ्या उपचारांसाठी साधारणपणे सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. ते न घेता थेट खासगी रुग्णालयात दाखल झाले, की नंतर धावाधाव होते. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ २०२३ मध्ये जाहीर केला. मात्र त्या आधारावर महाराष्ट्रातील रुग्णालयात जाण्यापूर्वी कोणती कागदपत्रे चालतील, याची तेथील आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाकडून, आधी खात्री करून घ्यावी. मुलाचे नाव आधार, शिधापत्रिका व रुग्णालयाच्या कागदांवर एकाच प्रकारे लिहिलेले असावे. कन्नड व मराठी नोंदींतून इंग्रजीत जाताना नावांची जी गंमत होते, ती मंजुरीच्या वेळी अजिबात गमतीची राहत नाही.

भेटीच्या वेळी मापांची वही, तीन फोटो, ताई कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, आई-वडिलांचे घेर आणि मान धरणे, पालथे पडणे, बसणे यांची वये सोबत न्यावीत. ‘स्कॅन करा’ म्हणून आग्रह धरू नये. टाळू उघडी असेल, तर तिच्यातून होणारी सोनोग्राफी किरणोत्सर्गाशिवाय पाण्याच्या पोकळ्या दाखवते; एमआरआय अधिक तपशील देतो, पण लहान मुलाला त्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते; सीटी स्कॅन तातडीच्या वेळी किंवा सांध्यांची शस्त्रक्रिया ठरवताना उपयोगी पडतो, मात्र त्यात किरणोत्सर्ग असतो. कोणता स्कॅन, कशासाठी, आणि त्याच्या निकालाने उपचारात काय बदलेल, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे.

अहवालात ‘मेंदूभोवती जादा पाणी’ असे वाचून हातपाय गाळू नयेत. पहिल्या वर्षात मेंदूच्या बाहेरच्या बाजूस द्रव थोडा अधिक असणे, डोके मोठे व कपाळ उभारलेले दिसणे आणि घरात वडिलांचेही डोके मोठे असणे, हा एक सौम्य प्रकार असतो. त्यात मूल वयाप्रमाणे शिकत असते, घेराची वाढ साधारण दीड वर्षाच्या सुमारास स्थिरावते आणि शस्त्रक्रिया लागत नाही. मेंदूच्या आतील पोकळ्या फुगत जाणे ही बाब वेगळी. तेथे न्यूरोसर्जन पोटापर्यंत नळी टाकून किंवा दुर्बिणीतून वाट काढून पाण्याचा निचरा करतात. नळी असलेल्या मुलाला पुढे कधीही ताप, उलट्या, डोकेदुखी किंवा सुस्ती एकत्र आली, तर गावात सलाइन लावून वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी न्यावे.

कारण आनुवंशिक निघाल्यास पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्यावा. दोन्ही पालक थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि वारेच्या नमुन्यावरून साधारण तिसऱ्या महिन्यात तपासणी करता येते. अकॉन्ड्रोप्लेझियात चित्र वेगळे आहे: सुमारे ८० टक्के मुलांचे आई-वडील सामान्य उंचीचे असतात, बदल त्या मुलात नव्याने झालेला असतो, आणि अशा जोडप्याच्या पुढच्या मुलाला तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते. हे सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या समोर डॉक्टरांकडूनच सांगून घ्यावे, म्हणजे आईच्या आहारावर किंवा ग्रहणात तिने काय चिरले यावर खापर फुटत नाही.